लष्करी रुग्णालयात नर्सिंगच्या कामाचा भार कसा मोजतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बेडच्या संख्येवरून नर्सची संख्या ठरवली तर काय बिघडतं, आणि या मोजणीसाठी सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का. लष्करी रुग्णालयात आधी वॉर्ड आणि मग बरीच वर्षं ड्युटीचं रोस्टर सांभाळलं आहे, त्या आधारावर सांगते.

बेडवरून मंजूर पदं ठरवायला हरकत नाही. पण उद्या सकाळच्या शिफ्टला किती हात लागतील, ते बेड सांगत नाहीत. लष्करात तर मुळीच नाही, कारण इथे भरती असलेला प्रत्येक जण अंथरुणाला खिळलेला नसतो. नागरी रुग्णाला 'आता घरी जाऊन विश्रांती घ्या' असं सांगता येतं. प्लास्टर घातलेल्या जवानाला बराकीत कोण बघणार? म्हणून तो वॉर्डातच राहतो. कोणी मेडिकल बोर्डाची, म्हणजे तो सेवेसाठी तंदुरुस्त आहे का हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाची, वाट बघत असतो. ही मंडळी स्वतः आंघोळ करतात, फिरतात, शेजारच्याला पाणीसुद्धा आणून देतात.

समजा २०-२० रुग्णांचे दोन वॉर्ड आहेत, दोन्ही भरलेले. पहिल्यात १४ जण असे बरे होत आलेले, प्रत्येकाला दिवसाला २ तास नर्सिंग पुरतं. उरलेल्या ६ जणांना ५-५ तास. एकूण ५८ तास. दुसऱ्यात ताजी ऑपरेशनं झालेले: १२ जणांना ६-६ तास, ८ जणांना ९-९ तास. एकूण १४४. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण ८ तासांच्या शिफ्टने भागलं तर पहिल्या वॉर्डाला दिवसभरात साधारण ७ जणांची ड्युटी लागते आणि दुसऱ्याला १८ जणांची. बेडच्या हिशोबात दोन्ही वॉर्ड सारखेच.

म्हणून मोजायचे ते तास. अमेरिकी भूदल आणि नौदलाने १९८० च्या दशकात यासाठी एक पद्धत बसवली. रुग्णाला काय काय लागतं त्याचे गुण द्यायचे: नाडी-रक्तदाब किती वेळा बघायचा, भरवावं लागतं का, सलाईन, ड्रेसिंग, श्वसनाचे उपचार, समजावून सांगणं आणि धीर देणं. बेरजेवरून रुग्ण सहापैकी एका श्रेणीत बसतो. पहिल्या श्रेणीतला जवळजवळ स्वतःचं स्वतः करणारा, सहाव्यातल्याला एक नर्सही अपुरी पडावी असा. प्रत्येक श्रेणीत किती रुग्ण आहेत त्यावरून लागणारे तास निघतात, आणि त्यातले किती नोंदणीकृत नर्सचे, किती सहायकांचे, तेही ठरतं. धीर देण्याला गुण असावेत हे मला फार पटतं. स्फोटात पाय गेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाजवळ रात्री बसलेला वेळ चार्टवर कुठेच दिसत नाही.

आयसीयूसाठी मात्र वेगळं माप घ्या. २००३ मध्ये मिरांडा आणि सहकाऱ्यांनी 'नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर' मांडला. त्यात १०० गुण म्हणजे एका नर्सचे पूर्ण २४ तास, म्हणजे एक गुण सुमारे १४.४ मिनिटांचा. त्याआधीचं २८ बाबींचं माप मुख्यतः उपचारांवर बेतलेलं होतं आणि त्यातून नर्सच्या वेळेपैकी ४३ टक्के वेळेचाच उलगडा होत होता. नव्या मापात ८१ टक्के. फरक पडला कारण अंग पुसणं, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं, कागदपत्रं ही कामंही धरली गेली.

रात्री बारा वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत, या मोजणीवर तर अजिबात विसंबू नका. सकाळी दहाला आलेला आणि संध्याकाळी पुढे पाठवलेला रुग्ण तिच्यात सापडतच नाही, आणि नर्सचं सगळ्यात जास्त काम त्याच्याच येण्या-जाण्यात जातं. जर्मनीतल्या लँडश्टूलच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाचं उदाहरण घ्या. इराक आणि अफगाणिस्तानातले जखमी तिथे विमानाने एकदम गटाने यायचे, काही दिवसांत स्थिर करून त्यांना अमेरिकेला रवाना केलं जायचं. अशा ठिकाणी ॲडमिशन, डिस्चार्ज आणि हलवाहलव यांचे तास वेगळे धरले नाहीत तर बाकीची सगळी मोजणी फुकट.

आता माझा मुख्य मुद्दा. वर जे सांगितलं ते सगळं लागणाऱ्या तासांबद्दल, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. लष्करात खरी गफलत होते ती मिळणाऱ्या तासांत. एक जागा आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास भरायची तर २१ शिफ्ट होतात. एका व्यक्तीच्या आठवड्याला ५ शिफ्ट धरल्या तर एका जागेमागे ४.२ माणसं लागतात, रजा धरण्याआधीच. पण लष्करातली नर्स अधिकारीही असते. परेड, शारीरिक चाचणी, गोळीबाराचा सराव, चौकशी समितीवर नेमणूक, नव्या सहायकांचं प्रशिक्षण, शिवाय अचानक आलेला तैनातीचा हुकूम. यात तिचा ३० टक्के वेळ गेला असं धरा, तर ४.२ चे थेट ६ होतात. हजेरीपटावर सगळ्या जणी हजर, वॉर्डात मात्र कोणी नाही! म्हणून वॉर्डाबाहेर गेलेला प्रत्येक तास कारणासकट नोंदवा. मनुष्यबळ मागताना वरच्यांपुढे हीच नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

किती जण आहेत, यासोबत कोण कोण आहेत हेही बघावं लागतं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांची माहिती होती: एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास नागरी रुग्णालयांचा. पुढे १३ अमेरिकी लष्करी रुग्णालयांत शिफ्टनिहाय नोंदी जमवून, किती माणसं होती आणि त्यांत नोंदणीकृत नर्स किती, सहायक किती, याचा रुग्ण पडण्याशी आणि औषधांतल्या चुकांशी संबंध तपासला गेला. शिफ्टनिहाय हे महत्त्वाचं. महिन्याच्या सरासरीत एक वाईट रात्र सहज लपते.

एक धोका सांगून ठेवते. गुणांवर माणसं मिळतात हे कळलं की गुण फुगतात. उपाय जुनाच आहे: अधूनमधून दुसऱ्या वॉर्डातल्या कोणीतरी त्याच रुग्णांना स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि दोन्ही ताडून बघायचे. फक्त हे तपासणाऱ्याचा हुद्दा फार वरचा नको, नाहीतर खालची व्यक्ती आपला आकडा निमूट बदलते आणि तुम्हाला वाटतं दोघांचं एकमत झालं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर लगेच नको. आधी एका वॉर्डात कागदावर श्रेणी, येणं-जाणं आणि वॉर्डाबाहेर गेलेले तास असे तीनच रकाने प्रत्येक शिफ्टला भरून बघा. नोंद करायला हँडओव्हरच्या वेळी काही मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर तक्ता छोटा करा, कारण गडबडीच्या शिफ्टला तो भरलाच जाणार नाही, आणि तुम्हाला नेमक्या त्याच शिफ्टची माहिती हवी आहे.