घाटात तापल्यावर बीटल बंद पडते: दोष कार्बोरेटरचा की इग्निशनचा?

आपण लिहिले आहे की आपली १९७२ ची फोक्सवॅगन बीटल सकाळी चिपळुणात एका झटक्यात सुरू होते, पण कुंभार्ली घाट अर्धा चढला की गचके खाऊन बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा मुकाट चालू लागते, आणि मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर साफ करूनही फरक पडलेला नाही. माझे मत विचाराल तर कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलू नये. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, अडकलेला कचरा इंजिन निवले म्हणून निघून जात नाही. तापल्यावर दगा देणारी आणि निवल्यावर सुधारणारी वस्तू बहुधा इग्निशनमधली, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतली असते: ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल किंवा पॉइंट्सवर ठिणगी उडू न देणारा कंडेन्सर.

मात्र ही परीक्षा गाडी बंद पडलेल्या जागीच, इंजिन गरम असताना करावी लागते. प्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीचा हवा येण्याचा मार्ग बुजला आहे आणि टाकीतील निर्वातामुळे पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. तसे नसल्यास एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असतानाच, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने एकदा पूर्ण उघडा आणि कार्बोरेटरच्या घशात पाहा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोटच्या भांड्यात, म्हणजे कार्बोरेटरमधल्या साठ्यात, पेट्रोल आहे. पिचकारी न उडाल्यास तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली असण्याची किंवा पंप थकला असण्याची शंका घ्यावी.

पेट्रोल असेल तर एअर क्लीनर परत बसवा, वाफ उडून जाऊ द्या आणि मगच ठिणगी पाहा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमधून काढून, कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरून, तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी; पिवळट, मरगळलेली ठिणगी उतारावरही कामाची नाही. माझ्या गाडीचे दुखणे नेमके असेच होते. कॅप काढून पाहिले, तेव्हा कॉइलपाशी हवी असलेली ठिणगी पॉइंट्समध्येच (कॅपखाली उघडझाप करणाऱ्या संपर्कांमध्येच) लखलखत होती आणि पॉइंटच्या एका तोंडावर टेकडी, तर दुसऱ्यावर खड्डा पडला होता. कंडेन्सर बदलला आणि गाडी घाट चढली. त्याआधी मी कार्बोरेटर तीनदा खोलला होता, हे कबूल करतो.

नवे पॉइंट बसवताना अंतर ०.४ मिलिमीटर ठेवा आणि त्यानंतरच टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावा, कारण अंतर बदलले की टायमिंगही सरकते. व्हॉल्व्हचे अंतर इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिलिमीटर असावे. खाऱ्या हवेत कॉइलच्या टोकांवर हिरवट गंज धरतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर पुसत बसू नका, कॅपच बदला. पावसाळ्यात वीज त्याच रेघेवरून पळते.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी बंद पडत असती, तर मात्र मी कार्बोरेटरच्या बाजूची विद्युत कट-ऑफ झडप आधी तपासली असती. तिची वायर सुटली तरी आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे, जाते.

या निमित्ताने पेट्रोलच्या रबरी नळ्याही दाबून पाहा. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबर मऊ पडते किंवा चिरते, आणि बीटलमध्ये ही नळी डिस्ट्रिब्युटरच्या अगदी जवळून जाते. तेथे गळती झाली तर बोनेट नव्हे, मागचे, इंजिनावरचे झाकण पेट घेते.