डिकीखालचा पत्रा सडलाय

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. डिकीखालचा मागचा पत्रा गंजून चाळण झालाय. डेंटर म्हणतो, फायबर मारून पुट्टी भरू. तयार पॅनेल मिळत नाही. काय करावं? – एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : पुट्टीला हो म्हणू नका. आत गंज चालूच राहतो आणि पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. पॅनेल पत्र्यातूनच घडवून घ्या. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे मुलामा नसलेला साधा) पत्रा घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो.

जुना पत्रा कापण्याआधी त्यावरून पुठ्ठ्याचा साचा काढा. दिव्यांची भोकं, लॉकची जागा, सगळं त्यावर उतरवा. हे काम डेंटरवर सोडू नका, तो नजरेनेच माप घेतो! नवा पत्रा आधी क्लॅम्पने धरा, डिकीचं झाकण लावून दोन्हीकडची फट सारखी येते का बघा, मगच वेल्डिंगचे टाके. टाके लांब लांब, आलटून पालटून. सलग वेल्डिंग केलं की पत्रा लाटा मारतो. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. आपल्या खाडीकाठच्या हवेत एका रात्रीत तांबूस झाक येते.