रिपोर्ट नॉर्मल आले आणि भीती वाढली

"ताई, ईसीजी चांगला, थायरॉइड चांगलं, रक्तात काही नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय ना?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकायला मिळाला आहे की तो आता वाक्य संपायच्या आधीच कळतो. या वेळी विचारणाऱ्या बाई चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या, चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. छातीत धडधड, मान आखडलेली, पोट कायम बिघडलेलं आणि रोज पहाटे तीनला जाग. जाग आली की त्या गुडघे टेकून प्रार्थनेला बसत, कारण कुणीतरी सांगितलं होतं, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असं बायबलमध्ये वचन आहे. चिंता करणं म्हणजे आज्ञा मोडणं. एखादा आजार निघाला असता तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. तो निघाला नाही, म्हणून दोष आत्म्याचा ठरला.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा वेळी लगेच दिलाशाची दोन वचनं काढून द्यायचे. ती खरीच असत, पण माणूस आणखी एक गृहपाठ घेऊन घरी जायचा. आता मी आधी शरीराबद्दल बोलते.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. काही क्षणांत हृदय जोरात चालतं, स्नायू ताठ होतात, रक्त पचनाकडून हातापायांकडे वळतं. मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. पळून जायचं असेल तर ही सोय उत्तम. पण सासूबाईंच्या खोलीतून येणाऱ्या प्रत्येक हाकेला शरीर हेच करू लागलं आणि ते वर्षभर चाललं, तर पोट आणि मान तक्रार करणारच. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसॉल तसंही वाढू लागतं. आधीच ताणलेल्या माणसाला त्या वेळी जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. हे सगळं आपण ठरवून करत नाही. 'ही रचना देवानेच केली आहे,' एवढंच मी त्यांना म्हटलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, प्रभूने आता मला न्यावं." अशा वेळी आडवळणाने विचारून चालत नाही. जीव देण्याचे विचार येतात का, काही ठरवलं आहे का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाल्या, फक्त थकले आहे. हो म्हणाल्या असत्या तर त्याच दिवशी घरच्यांना बरोबर घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

तेव्हा बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट निघाली. 1 राजे 19. झुडुपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासाबद्दल एक शब्दही ऐकवत नाही. स्पर्श करतो, ऊठ आणि खा म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! दुसऱ्यांदाही तेच: खा, वाट लांबची आहे. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न होरेब डोंगरावर येतो, 40 दिवसांनी. बाई म्हणाल्या, "मी हे मुलांना किती वेळा शिकवलंय. झोपला हे कधी सांगितलंच नाही."

आणि ते 'चिंताक्रांत' वचन? ते ज्यात आहे त्या फिलिप्पैकरांस पत्रातच, दोन अध्याय आधी, आपला सहकारी तीमथ्य तुमची मनापासून काळजी करील असं प्रेषित पौल कौतुकाने लिहितो. मूळ ग्रीक क्रियापद दोन्हीकडे एकच आहे. स्वतः पौल सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज आपल्यावर असल्याचं करिंथकरांना सांगतो. तेव्हा काळजी वाटली म्हणून कुणी देवापासून दूर जात नाही. चिंताक्रांत न होण्याबद्दलचं ते वाक्य तिथेच संपत नाही, पुढे ती चिंता देवाला कळवायला सांगतं. त्याला मी दम देणं म्हणत नाही.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. आठवड्यातल्या दोन रात्री सासूबाईंजवळ नणंद थांबणार. (यासाठी घरात जे बोलावं लागलं, ते सगळ्यात अवघड गेलं.) पहाटे जाग आली तर गुडघे टेकायचे नाहीत, पडल्या पडल्या श्वास हळूहळू, लांबवत सोडायचा, कारण त्याने हृदयाची गती उतरते. प्रार्थना एका ओळीची चालेल.

दोन महिन्यांनी धडधड बरीच कमी होती. जाग आठवड्यातून एकदा-दोनदा येते. पोट मात्र अजून नीट नाही, म्हणून मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना सहज सांगितलं, तीमथ्यालाही पोटाचा त्रास होता, आणि पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. त्या दारात थांबल्या. "उपास कर नाही म्हणाला?"

"नाही," मी म्हटलं.