बाबांचं रक्त, बाबांची रात्रपाळी

पत्र, थोडं आटोपतं करून:

काकू, मी २९ वर्षांची. घर नाशिकला, नोकरी पुण्यात, हिंजवडीला. क्लायंट अमेरिकेचा, म्हणून ड्यूटी संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. त्याला ११ महिने झाले. घरी येऊन आडवी होईपर्यंत पाच वाजतात आणि आठला दारावरची बेल सुरू होते. शनिवार-रविवार मात्र सगळ्यांसारखी दिवसा जागी असते. चार महिन्यांपासून कशातच मन लागत नाही. क्षुल्लक कारणावरून रडू येतं, छाती धडधडते, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी आठवड्यातून दोनदा घेते. मी शाळेत असताना बाबांना डिप्रेशन होतं. सातपूरला कंपनीत तीन पाळ्यांत होते, पुढे पुढे आठ-आठ दिवस खोलीतून बाहेर यायचे नाहीत. रिटायर झाल्यापासून बरे आहेत, एक गोळी चालू आहे. आत्या परवा म्हणाली, "रक्तातच आहे तुमच्या, तूही बापावर गेलीस." साताऱ्याच्या एका स्थळाशी जुळत आलंय. आई म्हणते, बाबांचं काही बोलायचं नाही. मुलगा चांगला आहे, त्याला फसवल्यासारखं वाटतं. थुंकीवरून जनुकं तपासून देतात म्हणे, ती टेस्ट करून घेऊ का? कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. – रात्रपाळीवाली

काकू म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण मी तिथूनच सुरुवात करणार. झोपावं आणि उठूच नये, हे थकव्यापोटी वाटतं की खरंच जगणं नको झालंय, हे पत्रावरून मला कळत नाही. ते समोर बसवून विचारायला हवं. म्हणून या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, सुट्टी बघून पुढच्या महिन्यात नको. आणि पहाटे चार वाजता तो विचार बळावला, तर १४४१६ फिरव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुझ्या वेळेला अख्खं घर झोपलेलं असतं, म्हणून हा नंबर मुद्दाम देते आहे.

आता आत्याबाईंकडे वळू. त्या अगदीच खोटं बोलत नाहीत, हे आधी कबूल करते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं, की नैराश्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण ३७ टक्के जनुकांमुळे असतो. याचा अर्थ तुझ्या दुःखातला ३७ टक्के वाटा बाबांचा, असा मात्र नाही. तो आकडा मोठ्या लोकसंख्येचा आहे, एकट्या माणसाचा असा हिशेब मांडताच येत नाही. तुझ्या उपयोगाचं गणित वेगळं आहे. आईवडिलांपैकी कुणाला नैराश्य असेल, तर मुलांचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण २० माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं आढळलं होतं. ढोबळमानाने तिप्पट धरलं, तरी तुझ्यासारख्या १०० मुलींपैकी ८५ जणींना तो आजार होत नाही. आत्याबाईंना हे ८५ दिसत नाहीत, कारण बऱ्या माणसांची चर्चा कुणी करत नाही.

थुंकीच्या टेस्टचे पैसे वाचव. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या एका अभ्यासाचा फार गाजावाजा झाला होता. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा ठरावीक प्रकार असेल, तर आयुष्यातले धक्के माणसाला नैराश्यात ढकलतात, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती चाळून अशी गाजलेली १८ जनुकं तपासली, तेव्हा डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ती वरचढ ठरली नाहीत. नैराश्यामागे एखादं खलनायक जनुक नसतं. शेकड्यांनी बारीक बारीक फरक असतात, एकेकाचा भार रवाभर. ते मोजून तुझं पुढे काय होणार हे सांगणारी टेस्ट आज कुणाकडेही नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. "सातपूरला कंपनीत तीन पाळ्यांत होते." हे तू ओळख म्हणून लिहिलंस, कारण म्हणून नाही. घरात कुणीच ते कारण म्हणून कधी उच्चारलं नसणार. अगं, पाळी बदलत राहिली, की शरीराचं घड्याळ जेमतेम सरकायला लागतं तोवर पुढची पाळी येते. या घड्याळाचा मुख्य काटा मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या वरच्या अंगाला बसलेला असतो आणि तो उजेड बघून चालतो, हजेरीपटावर काय लिहिलंय ते बघून नाही. बाबांची वर्षानुवर्षं त्यात गेली. तुझं तर दर शनिवारी अमेरिकेहून परत येणं आणि सोमवारी पुन्हा जाणं चाललंय, तेही विमानात न बसता. तेव्हा बाबांकडून तुला काय आलं? थोडी जनुकं आलीच असतील. पण जागरणाची नोकरीही आली, आणि तिचं नाव आत्याबाईंनी घेतलं नाही. निवृत्तीमुळेच ते बरे झाले असं मी म्हणणार नाही, औषधाचाही वाटा आहेच. पण निवृत्तीनंतर ते रात्री झोपायला लागले, ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

तुझी छाती का धडधडते, याचं थोडं उत्तर इथे आहे. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि पहाटेपासून चढत जातं, माणसाला उठवायला. म्हणजे तू अंथरुणाला पाठ टेकतेस, तेव्हा आतून कुणीतरी उठ म्हणत असतं. कॉर्टिसोल पुरे झालं की त्याला लगाम घालण्याचं काम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असतं, आणि नव्या आठवणी साठवणंही त्याच भागाकडे. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या, आणि ताण काढल्यावर पुन्हा वाढलेल्याही. गॅसचं बटण न आठवणं म्हणजे वेड लागायची सुरुवात नव्हे. रडू येण्याचंही तसंच. २००७ च्या एका प्रयोगात धडधाकट तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून मन विचलित करणारी चित्रं दाखवली. झोप झालेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतलं भीती-धोक्याचं ठाणं, जवळजवळ ६० टक्के जास्त पेटून उठलं, आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला धागा सैल पडला. हे एका रात्रीत झालं. तुझे ११ महिने झालेत.

म्हणून हे नुसतं जागरण आहे, असं मात्र समजू नकोस. निद्रानाश पुढे नैराश्याला बोलावतो आणि नैराश्य झोप उडवतं, दोघं हातात हात घालून येतात. डॉक्टरांकडे जाताना थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनबद्दल विचार, यांच्या गडबडीतही माणूस असाच मलूल होतो. आणि आईला आधी एक विचारून जा: बाबा कधी नेमके उलटे वागले होते का? म्हणजे दोन तास झोपून टवटवीत, अखंड बडबड, पैशांची उधळण, मोठमोठे बेत? तसं असेल तर आजार दुसरा, बायपोलर नावाचा, असू शकतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, औषधं वेगळी, आणि जागरण तर आगीत तेल. वर मांडलेलं माझं गणितही मग लागू पडणार नाही.

आईची गोळी आजपासून बंद. आठवड्यातून दोनदा म्हणतेस, पण अशा गोळ्यांची सवय दोनदावरूनच लागते. खरंतर रोज घेत असशील तर एकदम सोडू नकोस, डॉक्टरांना तसं सांग. मला खोटं सांगितलंस तरी चालेल.

पाळी बदलून मिळत असेल तर माग. डॉक्टरांची चिठ्ठी असली की ऐकतात, नेहमी नाही, पण ऐकतात. तोवर निदान सकाळी पाच ते दहा हे तास आठवडाभर झोपेसाठीच राखून ठेव, सुट्टीच्या दिवशी थोडी आधी झोपलीस तरी चालेल. खिडकीला जाड पडदा लाव, बेलचा स्विच बंद कर, कामवाल्या मावशींना अकराला बोलाव. शेवटचा चहा-कॉफी रात्री अकराच्या आत, कारण पाच तासांनीही त्यातलं साधारण अर्धं कॅफिन अंगात असतं.

राहिलं साताऱ्याचं. आईची भीती मला कळते, तिने त्या खोलीचं बंद दार वर्षानुवर्षं सांभाळलंय. तरी सांग, साखरपुड्याच्या आधी, तू स्वतः, आणि घरच्यांच्या बैठकीत नाही, त्या मुलालाच एकट्याला. बाबांना नैराश्य होतं, उपचार झाले, आता बरे आहेत, मीही सध्या डॉक्टरांना दाखवते आहे. एवढंच. आवाज खाली आणू नकोस, लोक शब्दांपेक्षा आवाजाला घाबरतात. तो मागे हटला तर वाईट वाटेल. पण लग्नानंतर गोळीचं पाकीट पीठाच्या डब्यात लपवणाऱ्या बायकांची पत्रं मला येतात, म्हणून सांगते.

फक्त ही गोष्ट तुझ्याआधी बाबांची आहे. त्यांना न विचारता ती कुणाला सांगू नकोस. रविवारी फोन कर, आई नाही, बाबांना दे म्हण. आणि स्थळाचं नंतर काढ. तिसरी पाळी करून आल्यावर ते दिवसा कसे झोपायचे, तुम्ही पोरं घरात दंगा करत असताना, हे आधी विचार.