संधिवाताची बोटं आणि .३२ बोअर

प्रश्न : यजमान गेल्यापासून प्रभात रोडवरच्या जुन्या बंगल्यात मी एकटीच राहते. वय ६१. शस्त्राचा परवाना मिळाला आहे. भाचा म्हणतो, .२५चं छोटं पिस्तूल घे, पर्समध्ये मावेल. दुकानदार .३२च्या पिस्तुलाचा आग्रह धरतोय, तर दीर म्हणतात रिव्हॉल्व्हरच बरं. बोटांना संधिवात आहे. काय घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, संधिवाताचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. नेमबाजी शिकवताना मी आधी हात बघते, मग शस्त्र.

ताकदीचं म्हणाल तर (.२५, .३२ हे बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे इंचांतले आकडे) .२५च्या गोळीत साधारण ८५ ज्यूल ऊर्जा असते, .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीत दीडशेच्या आसपास, .३२ पिस्तुलाच्या गोळीत १७०. पोलिसांच्या ९ एमएमची साडेचारशेच्या पुढे जाते, पण ते बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणजे तुमच्यासमोरचे सगळेच पर्याय तसे दुबळे. एका गोळीत माणूस थांबेलच असं नाही. दुसरी गोळीही नेमकी लागायला हवी, आणि तिथे .२५ मार खातं. मुठीत जेमतेम दोन बोटं मावतात, नेम धरायची खूण नावापुरती. ते नकोच. त्याहून लहान .२२ बोअरला गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का जवळजवळ नसतो. बायकांची २५ मीटरची पिस्तूल स्पर्धा त्याच बोअरवर होते आणि बालेवाडीच्या रेंजवर मी मुलींना तेच देते. पण त्यात ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे काडतूस फुसकं निघण्याची शक्यता जास्त. रात्री दोन वाजता त्यावर भिस्त ठेवू नका.

राहिली दोन .३२. दोघांची काडतुसं वेगळी आहेत, एकाची दुसऱ्यात वापरायची नाहीत. .३२ पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, बहुधा केवळ वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते, म्हणून स्प्रिंग ताठ असते. धडधाकट मुलींनाही ती ओढताना दम लागलेला मी पाहिलाय. काडतूस उडालं नाही तर ती पुन्हा ओढावी लागते, तीही दोन्ही हातांनी. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर परत दाबला की पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. म्हणून माझा कौल दिरांच्या बाजूने. त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातच बनतात.

मात्र रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो. अंगठ्याने मागचा घोडा (हॅमर) ओढला की ट्रिगर हलका होतो, पण तुमच्या अंगठ्याला ते जमेल का? दुकानदाराकडून शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून घ्या, त्याच्या परवानगीने सुरक्षित दिशेला धरा आणि बोट थकेपर्यंत ट्रिगर ओढून पाहा. कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४मध्ये आलं, वजन जेमतेम अर्धा किलो. पण शस्त्र हलकं तितका धक्का जास्त. घरात ठेवायचं असेल तर पोलादी, वजनदार घ्या.

नातवंडं येत असतील तर कुलूपबंद तिजोरी हवीच. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये आहे. धोका टळला की तो हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडायची नाही.

आणि दुकानात दोन्ही शस्त्रं हाताला झेपली नाहीत, तर घेऊ नका. तोच पैसा खिडक्यांच्या गजांवर आणि भक्कम दारावर घाला, आणि ११२ नंबर फोनवर एका बटणावर येईल असा लावून ठेवा.