शुक्रवारची मिस्सा, रविवारची मिस्सा आणि शाळेचा हजेरीपट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी कॅथलिक शाळेत चौथीत शिकते. दर शुक्रवारी सकाळी शाळेत मिस्सा (धर्मगुरू वेदीवर चालवतात ती कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) असते आणि यंदापासून त्या मिस्सेची हजेरी वेगळी मांडली जाते. शुक्रवारी मिस्सा झालेली असताना रविवारी पुन्हा चर्चमध्ये कशाला जायचे, असे मुलगी विचारते. आपण स्वतः तिला अधूनमधून शुक्रवारी तासभर उशिरा पाठवता, कारण त्या वेळात अभ्यासाचा तास बुडत नाही. हजेरी मांडल्याने श्रद्धा वाढते का, असे आपण शेवटी विचारले आहे. मी कॅथलिक शाळेत अनेक वर्षे वर्गशिक्षिका होते आणि धर्मशिक्षणाचे तासही घेत होते. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देत आहे.

सोप्या भागापासून सुरुवात करते. शुक्रवारची मिस्सा रविवारच्या मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, 1983 च्या धर्मकायद्यातील 1247 व्या कलमानुसार रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी मिस्सेत सहभागी होणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, आणि 1248 व्या कलमानुसार ते त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी पार पाडता येते. ख्रिस्तसभेचे असे कायदे सात वर्षे पूर्ण झालेल्या आणि समज आलेल्या मुलांनाही लागू होतात, त्यामुळे आपली मुलगी त्यात येते. आजारपण किंवा तान्ह्या बाळाची देखभाल यांसारखे गंभीर कारण असेल तर हे बंधन राहत नाही, आणि योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या श्रद्धावंत समूहाचे, प्रमुख धर्मगुरू त्यातून सूटही देऊ शकतात. शाळेत मिस्सा झाली हे मात्र असे कारण होऊ शकत नाही.

तथापि नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कलमांचे क्रमांक सांगून तिचे समाधान होणार नाही, आणि ते तसे करूही नये. तिचा प्रश्न प्रामाणिक आहे. तिला रविवारचे कारण सांगावे: हा प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे आणि म्हणून त्या दिवशी सगळा धर्मग्राम एकत्र येतो. शाळेच्या मिस्सेत तिच्याच वयाची, तिच्याच गणवेशातली मुले असतात. रविवारी तिच्या शेजारच्या बाकावर काठी टेकत आलेल्या आजी असतात, रडणारे बाळ असते, नुकताच नवरा गमावलेली बाई असते, आणि जिच्याशी आपले फारसे पटत नाही अशी एखादी व्यक्तीही असते. या सर्वांसह एका वेदीभोवती उभे राहणे हा श्रद्धेचा जो अनुभव आहे तो शाळा कितीही चांगली असली तरी देऊ शकत नाही.

मुलांसोबतच्या मिस्सेविषयी व्हॅटिकनने 1 नोव्हेंबर 1973 रोजी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यातही हाच विचार आहे. मुलांना समजेल अशी भाषा वापरावी, वाचने कमी करावीत, गायन आणि अर्पणाची मिरवणूक यांत मुलांना सहभागी करावे, अशी बरीच मोकळीक ती देते. परंतु अशा मिस्सांनी मुलांना अखेर मोठ्यांसोबतच्या, विशेषतः रविवारच्या, मिस्सेकडे नेले पाहिजे, असेही ती बजावते. वसतिगृहासारख्या ठिकाणी मुलांसाठी रोज मिस्सा न ठेवणे अधिक फलदायी असते, त्याने कंटाळ्याचा धोका कमी होतो, असेही त्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. शाळा चालवणाऱ्या सर्वांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते, कारण मिस्सांची संख्या वाढवली की श्रद्धा वाढते हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

आता हजेरीकडे वळते. हजेरीपट म्हटला की शिक्षा, दंड, पालकांना चिठ्ठी असेच चित्र आपल्या मनात उभे राहते, आणि आपल्या प्रश्नातली नाराजीही बहुधा त्यातूनच आलेली आहे. कॅथलिक शाळांच्या इतिहासात हजेरीचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल (1651–1719) यांनी फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. पुढे 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांच्या शाळा कशा चालवाव्यात याची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर 1720 मध्ये छापली गेली, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीचा बारकाईने विचार केलेला आहे. मूल का येत नाही याची कारणे शोधताना ती मुलाच्या चंचलपणावर थांबत नाही. पालकांची बेफिकिरी आणि मुलाच्या कमाईची घराला असलेली गरज यांचा तर ती विचार करतेच, पण शिक्षकाविषयी मुलाला आपुलकी वाटत नाही हेही गैरहजेरीचे एक कारण म्हणून ती नोंदवते, आणि उपाय करण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकते. त्या शाळांमध्ये काही विद्यार्थ्यांना वस्तीवार नेमलेले असे. गैरहजर सोबत्याच्या घरी जाऊन चौकशी करणे आणि तो आजारी असल्यास त्याला धीर देणे हे त्यांचे काम होते.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या पद्धतीत हजेरी ही काळजी घेण्याची रीत होती. आपला एक जण आज आलेला नाही, त्याला काय झाले असेल, ही विचारणा तिच्या मुळाशी होती. माझ्या वर्गातही प्रार्थनेच्या वेळी गैरहजर मुलांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची पद्धत मी ठेवली होती, आणि आजारातून परत आलेल्या मुलाला ‘आम्ही तुझे नाव घेतले होते’ असे सोबत्यांनी सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येई तो धर्मशिक्षणाच्या कोणत्याही धड्याने आणता आला नसता. आपल्याला कोणीतरी मोजत नसून शोधत आहे, हे मुलाला कळावे लागते.

शाळेतील रोजची उपस्थिती श्रद्धाजीवनासाठी महत्त्वाची आहे ती याच कारणाने. प्रार्थना, शुभवर्तमानातील गोष्टी, नाताळाआधीच्या आगमनकाळाची तयारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातील त्यागाचे संकल्प, कोणाच्या घरी दुःख झाले असता वर्गाने एकत्र केलेली जपमाळ, या सगळ्यांतून हळूहळू एक समूह घडतो, आणि जे मूल वरचेवर गैरहजर राहते ते त्या समूहाच्या कडेला पडते. बुडलेला गणिताचा पाठ वही उतरवून भरून काढता येतो. वर्गाने एखाद्या मुलीच्या वडिलांसाठी केलेली प्रार्थना मात्र नंतर उतरवून घेता येत नाही.

म्हणूनच शुक्रवारी मुलीला उशिरा पाठवण्याची सवय आपण सोडावी, असे मी स्पष्टपणे सांगते. आपला हेतू वाईट नाही हे मला समजते. परंतु मुले मोठ्यांची वेळापत्रके फार लक्षपूर्वक वाचतात. मिस्सेच्या तासाला उशीर चालतो आणि गणिताच्या तासाला चालत नाही, हे तिने पाहिले की कशाला किंमत आहे याचा धडा ती शिकते, आणि रविवारी तिने ‘कशाला जायचे’ असे विचारले तर त्यात आश्चर्य राहत नाही. शिवाय त्या मिस्सेत कोणी वाचन करते, कोणी श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हणते, कोणी गायनवृंदात असते. अधूनमधून येणाऱ्या मुलीला शिक्षक अशी जबाबदारी सहसा देत नाहीत, आणि जबाबदारी नसली की कंटाळा वाढतो.

मिस्सेची वेगळी हजेरी मांडावी की नाही, याचे माझे उत्तर ती कशासाठी मांडली जाते यावर अवलंबून आहे. शाळेच्या वेळेत प्रत्येक मूल कुठे आहे हे शाळेला माहीत असलेच पाहिजे. वर्गातून चर्चमध्ये आणि चर्चमधून वर्गात जाताना मुले मोजणे ही साधी सुरक्षिततेची बाब आहे. सातत्याने न येणाऱ्या मुलाच्या घरी आपुलकीने चौकशी करण्यासाठी ती नोंद वापरली जात असेल तरीही माझी हरकत नाही. पण त्या हजेरीवर गुण दिले जात असतील, वर्गात नावे वाचून दाखवली जात असतील किंवा प्रथम कम्युनियनसाठी (मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्यासाठी) ती पात्रतेची टक्केवारी म्हणून वापरली जात असेल, तर ते चुकीचे आहे. प्रथम कम्युनियनसाठी पुरेसे ज्ञान आणि काळजीपूर्वक तयारी हवी असे धर्मकायद्याचे 913 वे कलम सांगते, आणि तयारीसाठी वर्गांना यावे लागते हे उघड आहे. तरी हजेरी हे त्या तयारीचे साधन आहे, तयारी पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हे. आईच्या आजारपणामुळे काही वर्ग चुकलेल्या मुलाला धर्मगुरूंनी वेगळे बसवून शिकवावे. आकडा कमी पडला म्हणून त्याला वर्षभर थांबवू नये. याच विषयात 914 वे कलम मुलांना तयार करण्याची जबाबदारी सर्वप्रथम आईवडिलांवर आणि त्यांच्या जागी असलेल्यांवर टाकते, त्यांच्याबरोबर धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवरही टाकते. शाळा या कामात मदतीला आहे.

एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. मूल मिस्सेला उपस्थित असावे असे शाळा म्हणू शकते. त्याने कम्युनियन घ्यावे किंवा पापनिवेदनाला (धर्मगुरूंजवळ आपली पापे कबूल करायला) जावे असे ती म्हणू शकत नाही. प्रत्यक्षात बाक रिकामे होत जातात, अख्खी रांग उठते आणि जागेवर बसून राहिलेल्या एकट्या मुलाकडे सगळे पाहतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ती नजर सहन होत नाही, मग ते मनाविरुद्ध रांगेत उभे राहते. शिक्षकांनी कोण उठले आणि कोण बसले याकडे मुळीच लक्ष देऊ नये, पापनिवेदनाची तर कोणतीही यादी ठेवू नये, आणि ‘तू का गेला नाहीस’ असे कधीही विचारू नये. श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 च्या धार्मिक स्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे, आणि वर्गातील इतर धर्मांच्या मुलांच्या बाबतीतही शाळेने तेच पाळायचे असते: शुभवर्तमान मोकळेपणाने सांगावे, पण लादू नये.

सक्तीने काय होते आणि आपुलकीने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण गरीब मुलांसाठी काम करणारे इटालियन धर्मगुरू संत जॉन बोस्को यांच्या आठवणींत आहे. 8 डिसेंबर 1841 रोजी ट्युरिनमधील संत फ्रान्सिस असिसीकर चर्चमध्ये ते मिस्सेची तयारी करत असताना एक अनाथ मुलगा तिथे आला. त्याला मिस्सेत सेवा करता येत नाही हे कळताच चर्चच्या सेवकाने त्याला मारून बाहेर काढले. बोस्को यांनी ‘तो माझा मित्र आहे’ असे म्हणून त्याला परत बोलवायला लावले, मिस्सा झाल्यावर त्याची विचारपूस केली आणि ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना म्हणून त्याला धर्मशिक्षण द्यायला सुरुवात केली. तो मुलगा पुन्हा आला, येताना सोबत्यांनाही घेऊन आला. त्या भेटीला सालेशियन परंपरा, म्हणजे बोस्को यांनी स्थापन केलेल्या संघाची परंपरा, आपल्या कार्याचा आरंभ मानते. त्या दिवशी त्या चर्चमध्ये दोन माणसांनी एकाच मुलाकडे पाहिले. एकाला त्याला काय येत नाही ते दिसले, दुसऱ्याला तो आलेला दिसला.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना शांतपणे दोन गोष्टी विचाराव्यात: मिस्सेच्या हजेरीची नोंद पुढे कोण वाचते, आणि एखादे मूल दोन-तीनदा आले नाही तर शाळा काय करते. या उत्तरांवरून ती नोंद काळजीसाठी आहे की दाखवण्यासाठी हे आपल्याला कळेल. दाखवण्यासाठी असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी म्हणणे मांडावे, मात्र मुलीसमोर शाळेवर टीका करू नये, कारण तिला अजून धोरण आणि मिस्सा यांतला फरक करता येणार नाही.

घरी शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्यावर प्रवचन न देता तिला काय वाटले ते ऐकावे. धर्मग्रामात मुलांचा गायनवृंद किंवा वेदीसेवकांचा गट असेल तर तिला तिथे न्यावे, म्हणजे शुक्रवारसारखीच रविवारीही तिची कोणीतरी वाट पाहत असेल. आणि आपण दोघांनीही तिच्यासोबत जावे. तिला दारापर्यंत सोडून आपण बाहेर थांबलात तर वर लिहिलेल्या कशाचाच उपयोग होणार नाही. पहिले काही रविवार ती कुरकुर करेल. तेव्हा तिला रागावू नये, नियमाची भीती दाखवू नये आणि जाणे रद्दही करू नये.