चेक निवडला तरच चेक नंबर दिसावा

प्रश्न : संस्थेच्या पावत्यांसाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म केलाय. भरणा प्रकारात ‘चेक’ निवडला तरच चेक नंबरचा रकाना दिसायला हवा. भरणा प्रकाराच्या ‘आफ्टर अपडेट’ या इव्हेंटमध्ये (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या कोडच्या जागेत) कोड लिहिला, पण पुढच्या नोंदीवर गेलं की आधीचीच स्थिती राहते.

उत्तर : आफ्टर अपडेट फक्त निवड बदलल्यावर चालतं. रकान्याची ‘व्हिजिबल’ (दिसणं-लपणं ठरवणारी) प्रॉपर्टी ट्रू-फॉल्स करणारी तीच ओळ फॉर्मच्या ‘ऑन करंट’ इव्हेंटमध्येही हवी; ते प्रत्येक नोंदीवर जाताना चालतं. नव्या नोंदीत भरणा प्रकार नल (रिकामा) असतो, त्यामुळे तुलना नलच्या जागी ठरवलेली किंमत देणाऱ्या ‘एनझेड’ फंक्शनमध्ये गुंडाळा, नाहीतर एरर ९४ येईल. कर्सर त्याच रकान्यात असेल तर रकाना लपत नाही, एरर २१६५ येते; आधी ‘सेटफोकस’ या आज्ञेने कर्सर दुसऱ्या रकान्यात हलवा. जोडलेलं लेबल आपोआप लपतं.

कोडमध्ये ‘चेक’ देवनागरीत लिहू नका. अ‍ॅक्सेसचा कोड जिथे लिहितो तो व्हीबीए एडिटर युनिकोड (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरपद्धत) पाळत नाही, प्रश्नचिन्हं उमटतात. त्याऐवजी भरणा प्रकाराचा आयडी क्रमांक वापरा.

आणि चेकवरून रोख केलं, तर लपलेला नंबर टेबलात तसाच राहतो! आफ्टर अपडेटमध्येच तो नल करा, ऑन करंटमध्ये नको. कंटिन्युअस फॉर्मवर (एकाखाली एक अनेक नोंदी दाखवणाऱ्या) मात्र रकाना सगळ्याच ओळींतून गायब होतो. तिथे कंडिशनल फॉरमॅटिंगने (अटीनुसार प्रत्येक ओळीत वेगळं रूप देण्याच्या सोयीने) तो डिसेबल, म्हणजे लिहिण्यासाठी बंद, केलेला बरा.